जामखेडचा आठवडा : कार्यमग्न आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणाचा एक ऐतिहासिक विचार

१

रुग्णसेवेत गुंतलेल्या माणसाला नवे ज्ञान केव्हा, कोठे आणि कोणाकडून मिळावे, हा प्रश्न आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासात वरचेवर उपस्थित झालेला आहे. वर्गात बसवावे तर रुग्ण वाऱ्यावर पडतात. कामावर ठेवावे तर ज्ञान शिळे होते. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणून गेल्या दोन दशकांत ऑनलाइन प्रशिक्षण पुढे आले. ज्याने त्याने आपल्या सवडीने, आपल्या गतीने, आपल्याला हवे ते शिकावे, असे या प्रशिक्षणाचे ब्रीद आहे. त्याला लवचीक आणि स्वयंनिर्देशित अशी दोन विशेषणे लावली जातात, व जणू ही विशेषणे यंत्राबरोबरच जन्माला आली असे गृहीत धरले जाते.

इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिणेकडील जामखेड या दुष्काळी तालुक्यात १९७० नंतरच्या दशकात कामकरी स्त्रियांच्या प्रशिक्षणाची जी पद्धती घडली, ती लवचीक होती आणि बऱ्याच अंशी स्वयंनिर्देशितही होती. तिच्यामागे कोणतेही यंत्र नव्हते. म्हणूनच आजच्या निवडीचा विचार करताना त्या पद्धतीची चिकित्सा उपयुक्त ठरते. लवचीकपणा हा माध्यमाचा गुण आहे, की शिकणाऱ्याला वेळ कोण देतो यावर अवलंबून असणारा गुण आहे, हा या चिकित्सेतील मध्यवर्ती प्रश्न होय.

प्रारंभीच एका संज्ञेचा खुलासा केला पाहिजे. ‘स्वयंनिर्देशित अध्ययन’ या कल्पनेची सर्वाधिक परिचित मांडणी अमेरिकन प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७५ साली केली. शिकणाऱ्याने आपली गरज स्वतः ओळखावी, उद्दिष्ट ठरवावे, साधने शोधावी आणि फलिताची पारखही स्वतः करावी, असा तिचा आशय आहे. हे सर्व इतरांच्या साहाय्याने किंवा साहाय्यावाचून होऊ शकते, असेही नोल्स यांनी त्यातच नमूद केले होते. अर्थात स्वयंनिर्देशन म्हणजे एकाकीपण नव्हे. पुढील काळात या अर्धवाक्याचा पुष्कळांना विसर पडला.

२

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत असता, बरे करून घरी पाठविलेला रुग्ण त्याच रोगाने पुन्हा दारी येतो, हा अनुभव त्यांना वारंवार आला. रोगाचे मूळ गावात असता उपचार रुग्णालयात करणे अपुरे आहे, ही त्यांची धारणा त्यातून बळावली. अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले, व १९७० साली त्यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लगोलग १९७२चा दुष्काळ आला. पाणी, अन्न आणि रोजगार यांवाचून आरोग्याची चर्चा व्यर्थ आहे, हे त्या दुष्काळाने सर्वांनाच शिकविले.

प्रकल्पाची पहिली योजना रूढ वळणाची होती. प्रशिक्षित एएनएम परिचारिकांना गावात ठेवून त्यांच्याकडून आरोग्याचे काम करवून घ्यावे, असा विचार होता. तो सफल झाला नाही. परगावच्या तरुण, एकट्या परिचारिकेला खेड्यात राहणे अवघड होते. तिची भाषा आणि तिची राहणी गावातील बायकांना परकी वाटे. तिच्याकडे ज्ञान होते, परंतु ते ऐकून घेण्याइतका विश्वास गावाला नव्हता. गावातीलच एखाद्या स्त्रीला हे काम का शिकवू नये, ही सूचना याच अपयशातून पुढे आली, आणि ती ग्रामस्थांच्या बाजूने आली हे लक्षणीय होय. ग्राम-आरोग्य कार्यकर्तीची कल्पना जामखेडात रुजली ती अशी. गावाने निवडलेल्या या स्त्रिया बहुधा प्रौढ व संसारी होत्या. पुष्कळ जणी निरक्षर होत्या आणि कित्येक दलित समाजातील होत्या.

येथे प्रशिक्षणाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. या स्त्रियांना सलग सहा महिने किंवा वर्षभर शिक्षणासाठी गाव सोडणे शक्य नव्हते. घरी मुले, गोठ्यात जनावरे, शेतात किंवा रोजगार हमीच्या कामावर मजुरी. शिकणाऱ्याचे जीवन अभ्यासक्रमाला जुळत नसेल तर अभ्यासक्रमच त्या जीवनाला जुळवून घेतला पाहिजे, हा निष्कर्ष जामखेडने कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथातून काढला नाही. त्या स्त्रियांच्या दिनक्रमानेच तो लादला.

३

या पद्धतीचे एकक वर्ष नव्हते, सत्रही नव्हते. ते आठवडा होते. प्रारंभीच्या काळात कार्यकर्त्या आठवड्यातून दोन दिवस जामखेडला येत, रात्री तेथेच मुक्काम करीत आणि उरलेले दिवस आपापल्या गावी काम करीत. एका खेपेस एक-दोनच विषय हाती घेतले जात : अतिसार झालेल्या बालकास मीठ-साखर-पाणी कसे द्यावे, बाळाचे वजन घेऊन त्याचे कुपोषण कसे ओळखावे, गरोदर स्त्रीच्या तपासणीत कोणती चिन्हे धोक्याची समजावी, सुरक्षित बाळंतपण कसे करावे, क्षय आणि कुष्ठरोग यांची प्रथम लक्षणे कोणती. चित्रपत्रे व प्रत्यक्ष रुग्ण ही तेथील पाठ्यपुस्तके होती. शिकलेली गोष्ट गावी जाऊन करून पाहावयाची आणि पुढील आठवड्यात तिचा अनुभव घेऊन परत यावयाचे, असा क्रम होता.

हा क्रम वरवर साधा दिसतो, तथापि त्यात तीन तत्त्वे अनुस्यूत होती. पहिले असे की, पाठाचा आरंभ शिक्षकाच्या टिपणातून होत नसे. गावात घडलेल्या प्रसंगातून होई. कोणाच्या गावात मूल दगावले, कोणाचा सल्ला सासूने धुडकावला, कोणाला ताप ओळखता आला पण त्याचे कारण कळले नाही, ही त्या वर्गाची सामग्री होती. गरज ओळखण्याचे जे काम नोल्स शिकणाऱ्याकडे सोपवितात, ते या स्त्रिया दर आठवड्यास करीत होत्या.

दुसरे तत्त्व पुनरावृत्तीचे होय. तेथे प्रशिक्षण ‘पूर्ण’ होत नसे. प्रमाणपत्र देऊन निरोप देण्याचा दिवस या पद्धतीत नव्हताच. वर्षानुवर्षे काम केलेल्या कार्यकर्त्याही येत राहिल्या, आणि कालांतराने नवीन कार्यकर्तीला शिकविण्याचे काम त्यांच्याकडेच आले. प्रकल्पाचे फिरते पथक गावी जाई, तेव्हा वर्गात शिकविलेले हाताने नीट होते की नाही याचीही परीक्षा होत असे.

तिसरे तत्त्व सहवासाचे. निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत, एका खोलीत निजत. त्या काळच्या खेड्यात ही गोष्ट सामान्य नव्हती. दिवसाच्या पाठात जे विचारण्याचा संकोच वाटे, ते रात्रीच्या गप्पांत बाहेर येई. घरात जिचे मत कोणी विचारीत नसे, तिला येथे दहाजणींपुढे उभे राहून आपल्या गावाची हकीकत सांगावी लागे. गावी परतल्यावर सरपंचापुढे किंवा डॉक्टरपुढे बोलण्याचे धैर्य तिला या सरावातून मिळे. त्यामुळे सहवास हा प्रशिक्षणाचा खर्चिक अलंकार नव्हता. तो प्रशिक्षणाचा आशयच होता.

फलिताविषयी अतिशयोक्ती टाळली पाहिजे. प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्याच्या क्षेत्रातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ साली दर हजारी १७६ होते. ते १९७६ साली ५२ वर आले. या घटीचे सर्व श्रेय प्रशिक्षणाला देणे योग्य होणार नाही. विहिरी, पोषण, लसीकरण आणि शेतीसुधारणा यांचाही त्यात वाटा होता. प्रकल्पाची गावे व शेजारची इतर गावे यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा आकडा पहिल्याइतका डोळे दिपविणारा नाही. परंतु सभोवतालच्या प्रदेशातही सुधारणा होत असता हा फरक टिकून राहिला, हेच त्याचे महत्त्व होय.

४

जामखेडची कीर्ती लवकरच दूरवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या संग्रहात तिचे प्रकरण आले. १९७८ साली आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तथापि एखादी पद्धती जेव्हा राज्यव्यापी योजनेत उतरते, तेव्हा तिचे कोणते अंग उचलले जाते आणि कोणते गळून पडते, हे पाहणे अधिक उद्बोधक असते.

केंद्र सरकारची समाज-आरोग्य कार्यकर्ता योजना २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झाली. दर हजार वस्तीमागे गावातील एक कार्यकर्ता, ही कल्पना तिने उचलली. प्रशिक्षण मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन महिन्यांचे ठेवले. निवडल्या गेलेल्यांत पुरुषांचे प्राबल्य होते. संसार, शेती व मजुरी यांत अडकलेली स्त्री अशा योजनेत मागे पडावी, यात आश्चर्य नाही. जामखेडची व्यक्ती उचलली गेली. जामखेडचा आठवडा उचलला गेला नाही. शिकवून मोकळे होणे प्रशासनाला सोयीचे असते, कारण त्याचा हिशेब देता येतो. पुनःपुन्हा भेटत राहण्याचा हिशेब देता येत नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ पुढे आली तेव्हा या चुकीची अंशतः दुरुस्ती झाली. कार्यकर्ती स्त्रीच असावी, ती त्याच गावची असावी आणि तिचे आरंभीचे २३ दिवसांचे प्रशिक्षण वर्षभरात पाच टप्प्यांत विभागावे, असे ठरले. पुढील सहाव्या व सातव्या पुस्तिकांचे प्रशिक्षणही पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत योजिले गेले. नवजात बालकाच्या घरगुती काळजीचा जो भाग त्यात आला, त्याच्यामागे गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा अनुभव होता. तेथेही टप्प्याटप्प्याचे शिक्षण आणि गावात जाऊन नियमित देखरेख हीच रीत होती. थोडे शिकावे, करून पाहावे, पुन्हा यावे, ही लय महाराष्ट्रातील दोन भिन्न टोकांच्या जिल्ह्यांत स्वतंत्रपणे यशस्वी ठरली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दूरशिक्षणाच्या क्षेत्रातही निराळा अनुभव आला नाही. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्यांसाठी स्वयं-अध्ययनाची पुस्तके सिद्ध केली, परंतु त्यांच्या जोडीला अभ्यासकेंद्रे व संपर्कसत्रेही ठेविली. पुस्तक घरी एकट्याने वाचावयाचे असले तरी शंका कोणापाशी तरी मांडावी लागते, ही जाण त्यामागे होती.

५

या पूर्वपीठिकेवर ऑनलाइन प्रशिक्षणाचे आगमन पाहिले म्हणजे त्याचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही स्पष्ट होतात. एप्रिल २०२० मध्ये करोना साथीच्या प्रारंभी केंद्र सरकारने ‘आयगॉट-दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू केले. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, स्वच्छता कर्मचारी अशा सर्व थरांतील सेवकांना संसर्गापासून बचाव, विलगीकरण, प्राणवायूचा वापर इत्यादी विषय त्यावरून शिकविण्याची सोय झाली. एकत्र जमणेच धोक्याचे असता दुसरा कोणता मार्ग होता? जे जामखेडला तीस गावांसाठी करण्यास वर्षे लागली, त्याहून कितीतरी मोठ्या समुदायापर्यंत माहिती काही आठवड्यांत पोहोचू शकली. माध्यमाचे हे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु पोहोचणे आणि शिकणे यांत अंतर आहे. २००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. काहीच न शिकविण्यापेक्षा इंटरनेटवरून शिकविणे पुष्कळ बरे. परंतु अन्य पद्धतींशी तुलना करता फरक अल्प आणि अनिश्चित, असे त्यातून निष्पन्न झाले. २०१८ साली कॉक्रेन संस्थेने १६ चाचण्यांचा व ५,६७९ आरोग्यव्यावसायिकांचा आढावा घेतला. रुग्णांवरील परिणाम किंवा व्यावसायिकांचे वर्तन, कौशल्य व ज्ञान यांत पारंपरिक शिक्षणाच्या तुलनेने फारसा फरक पडत नसावा, असे अनुमान त्याने काढले. यावरून ऑनलाइन माध्यम निकृष्ट ठरत नाही, तसे ते श्रेष्ठही ठरत नाही. निर्णायक गोष्ट माध्यमात नसून अन्यत्र आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

ती अन्यत्र कोठे असावी, याचा एक संकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट एको’ या उपक्रमात सापडतो. यकृतदाहाच्या ‘क’ प्रकारावर उपचार करू पाहणारे दूरदूरचे ग्रामीण वैद्यक ठरावीक दिवशी दृक्श्राव्य माध्यमातून तज्ज्ञांशी जोडले जात आणि प्रत्येक जण आपल्या रुग्णाची हकीकत मांडून चर्चा करी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या वैद्यकांच्या रुग्णांपैकी ५८.२ टक्के, तर विद्यापीठाच्या रुग्णालयातील ५७.५ टक्के रुग्ण विषाणुमुक्त झाले. माध्यम अत्याधुनिक असले तरी त्याची घडण जामखेडशी जुळते : ठरलेली वेळ, स्वतःच्या कामातील प्रसंग, समानधर्मीयांची मंडळी आणि पुनःपुन्हा परतणे. उलटपक्षी, ध्वनिचित्रफीत पाहून शेवटी बहुपर्यायी प्रश्न सोडवून प्रमाणपत्र मिळविण्याच्या पद्धतीत यांपैकी एकही गोष्ट नसते. तिचे नाते जामखेडच्या आठवड्याशी नसून १९७७च्या तीन महिन्यांशी आहे.

६

आता सवडीचा विचार. मराठीत ‘सवड काढणे’ आणि ‘सवड देणे’ असे दोन प्रयोग रूढ आहेत, आणि त्यांतील भेद या विषयात कळीचा आहे. जामखेडला जाणाऱ्या स्त्रीची सवड सर्वांना दिसत होती. ती एस.टी.ने परगावी जाई. त्या रात्री घरचा स्वयंपाक दुसऱ्या कोणाला करावा लागे. नवऱ्याची आणि सासूची संमती मिळवावी लागे. म्हणजे तिच्या शिक्षणासाठी घराला आणि गावाला सवड द्यावी लागे. त्या देण्यातूनच तिच्या कामाला मान्यता मिळत गेली.

‘आपल्या सवडीने शिका’ या आजच्या सूत्रात सवड देणारा कोणीच नसतो. ती शिकणाऱ्याने काढावयाची असते. रात्रपाळीची परिचारिका ती झोपेतून काढते, आशा ती चूल आणि गृहभेटी यांच्या मधल्या वेळेतून काढते. कामाचे वेळापत्रक बदलावे लागत नाही, बदली माणूस नेमावा लागत नाही. म्हणून व्यवस्थेला ते प्रशिक्षण स्वस्त वाटते. वस्तुतः ते स्वस्त झालेले नसते, त्याचा खर्च केवळ दिसेनासा झालेला असतो. ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही महाराष्ट्रातील आशांच्या २०२३ सालच्या संपातील एक मागणी होती. तिला तंत्रज्ञानाविषयीचा अडाणी विरोध समजणे अन्यायाचे होईल. स्वतःचा वेळ कोणाच्या हिशेबी धरला जात आहे, हा तिच्यातील मूळ प्रश्न आहे.

याचा अर्थ जुनी पद्धती जशीच्या तशी पुनरुज्जीवित करावी असा नव्हे. जामखेडलाही मर्यादा होत्या. ती पद्धती असाधारण योग्यतेच्या, गावांच्या निकट राहणाऱ्या शिक्षकांवर अवलंबून होती, आणि असे शिक्षक प्रत्येक तालुक्यास मिळणे कठीण. कार्यकर्तीच्या श्रमाचे मोल तेथेही पगाराच्या रूपाने मिळत नव्हते. शिवाय लसीकरणाच्या वेळापत्रकातील बदल, नव्या औषधाची मात्रा, नोंदणीची सुधारित रीत अशा केवळ माहितीच्या गोष्टींसाठी कोणालाही परगावी बोलाविणे हा अपव्यय होय. तेथे ज्याने त्याने हाती असलेल्या साधनावर हवे तेव्हा पाहून घ्यावे, हेच उचित. परंतु बाळाचा श्वास मोजणे, रक्तस्राव थांबविणे, दुःखात असलेल्या कुटुंबाशी बोलणे, या गोष्टी हात, डोळे आणि माणसे यांच्यावाचून शिकता येत नाहीत.

म्हणून एखाद्या रुग्णालयाने किंवा जिल्हा परिषदेने आपल्या सेवकांसाठी प्रशिक्षण निवडताना व्यासपीठ कोणते, याआधी चार गोष्टी तपासल्या पाहिजेत. शिकण्याचे तास कामाच्या तासांत धरले जातात काय? पाठाचा आरंभ सेवकाच्या स्वतःच्या अडचणीतून होतो काय? शंका मांडण्यास बरोबरीची मंडळी आणि जाणता माणूस ठरावीक दिवशी भेटतो काय? आणि शिकलेले करून पाहिल्यानंतर पुन्हा परत येण्याची जागा आहे काय? या चारही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर वर्ग पडद्यावर भरो वा पत्र्याच्या छपराखाली भरो, ते प्रशिक्षण खऱ्या अर्थाने लवचीक ठरेल. ती नकारार्थी असतील, तर लवचीक असते ती केवळ शिकणाऱ्याची झोप.

जामखेडच्या निरक्षर स्त्रियांनी अभ्यासक्रम लिहिला नाही. परंतु दर आठवड्यास गावाहून प्रश्न आणून त्याला दिशा त्यांनीच दिली. हे त्यांना करता आले, कारण त्यांच्यासाठी आठवड्यातील दोन दिवस कोणीतरी मोकळे केले होते. स्वयंनिर्देशनाची पहिली अट शिकणाऱ्याची जिद्द ही नाही. इतरांनी त्याला दिलेली सवड, ही ती अट होय.